पीसी थंड ठेवायला कस्टम वॉटर लूप (नळ्यांमधून पाणी फिरवणारी यंत्रणा) करताय? ड्रेनची, म्हणजे पाणी काढायची सोय आधीच करा
लूपमध्ये आधी सीपीयू (प्रोसेसर) की जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) यावर लोक उगाच डोकं खपवतात, पाणी सतत फिरत असतं त्यामुळे सगळीकडे तापमान थोड्याफार फरकाने सारखंच होतं, ज्यात ट्यूब कमी वळेल तो रस्ता घ्या. क्रम फक्त एकाच ठिकाणी पाळायचा, रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी) पंपाच्या आधी आणि वर, कारण पंप कोरडा चालला की गेलाच समजा. आणि सगळ्यात खालच्या टोकाला टी फिटिंग (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह (छोटा नळ) आत्ताच लावून टाका, नाहीतर पुढे पाणी बदलताना अख्खा पीसी उलटा-पालटा करत बसाल!

रेडिएटरची (पाणी थंड करणारी जाळी) नुसती ३६० एमएम लांबी बघू नका, जाडी ३० असेल तर फॅनचे २५ धरून ५५ एमएम जागा लागते. तांब्याच्या ब्लॉकबरोबर (चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर कितीही स्वस्त मिळाला तरी नको, दोन धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं.

पहिल्यांदा भरताना मदरबोर्ड, कार्ड सगळ्याच्या पॉवर केबल काढून ठेवा, पीएसयूला (पॉवर सप्लाय) जंपर (मदरबोर्डशिवाय तो चालू करणारी जोडपिन) लावून फक्त पंप चालवा आणि प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर, म्हणजे कुठे गळतंय ते लगेच दिसतं.