उग्र वास म्हणजे प्रभावी औषध नव्हे
पेस्ट कंट्रोलच्या औषधाचा वास जितका उग्र तितके काम चोख, असा समज आजही पक्का आहे; वास्तविक झुरळांसाठी कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी आणि फ्रीजच्या मागे लावले जाणारे जेलचे ठिपके जवळजवळ गंधहीन असतात आणि झुरळांनी ते खाल्ले तरच उपयोगी पडतात. त्यामुळे त्याच जागी बाजारातला फवारा मारणे किंवा फिनेलने पुसून घेणे (हा उद्योग बहुधा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी होतो) म्हणजे दिलेले पैसे स्वतःच वाया घालवणे होय.

दुसऱ्या दिवशी झुरळ दिसले म्हणून काम फसले, असेही मानू नये. घरात आढळणाऱ्या लहान जर्मन झुरळाच्या अंड्यांच्या एका कुपीत साधारण ३० ते ४० अंडी असतात आणि तिच्या कवचातून औषध सहसा आत पोहोचत नाही. म्हणून दुसरी फेरी ठरलेल्या रकमेत धरली आहे का, हे आधीच लेखी घ्यावे.

१९६८च्या कीटकनाशक कायद्याखालील परवाना पाहायला मागण्यात संकोच नसावा. ‘हर्बल आहे’ या तोंडी आश्वासनापेक्षा मूळ डब्यावरील चौकोनातल्या खालच्या त्रिकोणाचा रंग अधिक भरवशाचा: लाल सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ढेकणांसाठी राहत्या घरात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवायला कोणी सुचवले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे, कारण त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्याही जिवावर बेतू शकतो.