संक्रांत ते होळी: परसातल्या कोंबड्यांची तयारी

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, आणि ते कोंबडीला लगेच कळतं. पुण्याच्या आसपास डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, फेब्रुवारीअखेर तो पाऊण तासाने वाढतो. तेवढ्यावर फिका पडलेला तुरा लाल होऊ लागतो आणि थांबलेली कोंबडी पुन्हा अंड्यावर येते, म्हणजे अंडी देऊ लागते. रात्र मात्र अजून गारच असते. नाशिक-निफाडकडे पहाटे पारा एकेरी आकड्यात आणि दुपारी तिशीला, अशा तफावतीत कोंबड्यांना सर्दी-घरघर लागते. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे खरं, पण होळीपर्यंत थांबलात तर उन्हाळ्याची कामं उन्हाळ्यातच करावी लागतील. पुढची तयारी दहा ते पंचवीस कोंबड्यांच्या परसासाठी आहे.

पहिलं काम रात्रीचं. कोंबड्या खुराड्यात बसून तासभर झाला की विजेरी घेऊन एकेक कोंबडी हातात घ्या. दिवसा पकडापकडी केली तर सगळा कळप बिथरतो. रात्री कोंबडीला धड दिसत नाही, म्हणून ती हातात शांत राहते. छातीच्या मधल्या हाडावरून अंगठा फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर ती आतून खंगते आहे, आणि परसात फिरणाऱ्या कोंबडीत याचं कारण बहुतेक वेळा जंत असतात. मग तिला उलटी करून शेपटीखालच्या पिसांवर फुंकर मारा. पिसांच्या मुळाशी पांढरट, खडबडीत गोळे चिकटलेले दिसले तर त्या उवांच्या लिखा, आणि उजेड पडताच आत पळणारे पिवळट ठिपके म्हणजे उवा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच कसंबसं मावलं तर नाही. शेवटी पाय पाहा. खवले वर उचललेले आणि खाली पांढरी भुकटी असेल तर ते कातडीत शिरणाऱ्या सूक्ष्म किडीचं काम. साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने पाय घासून, कोरडे करून खोबरेल तेल चोपडायचं, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. एकदा लावून सोडलं तर दुखणं परत येतं. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाचं प्लॅस्टिकचं कडं घाला आणि वहीत लिहा. पंचवीस कोंबड्यांचं दुखणं डोक्यात राहत नाही.

उवा सापडल्या तर पशुवैद्यकांनी दिलेली भुकटी पंखांखाली आणि शेपटीखाली चोळा, आणि दहाव्या दिवशी पुन्हा चोळा. औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. दुसरा हात चुकला की सगळं पहिल्यापासून. सोबत जुन्या टायरमध्ये बारीक कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख निम्मी-निम्मी भरून उन्हात ठेवा, कोंबड्या आपण होऊन लोळतात. प्लॅस्टिक जाळलेल्या चुलीची राख नको. जंतांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून दोन-तीन कोंबड्या काट्यावर घालून मगच दवाखान्यात विचारा. औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तिथेच विचारून घ्या.

खुराड्याच्या सफाईला एक अख्खा कोरडा, उन्हाचा दिवस द्या. जुनं तूस सगळं बाहेर काढा. ते झाडांना ताजं घालू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने ढीग घालून कुजवलं तर खरिपाच्या पेरणीपर्यंत उत्तम खत तयार होतं. मग भेगा बघा. लाल किडे आणि गोचिडी दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतात, त्या दांडीच्या टोकाशी आणि फळ्यांच्या सांध्यांत दडून रात्री रक्त प्यायला निघतात. कोंबडी अंगावर स्वच्छ, पण तुरा पांढुरका आणि संध्याकाळी खुराड्यात जायला खळखळ करते, असं दिसलं तर आधी सांधे उघडा. भेगा बुजवा, भिंती आणि दांड्यांची टोकं चुन्याने रंगवा, आणि चुना पूर्ण सुकल्याशिवाय कोंबड्या आत घेऊ नका. बसायची दांडी दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली, प्रत्येकीला आठ इंच जागा. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक खोकं, फूटभर लांब-रुंद. खाली भाताचं नवं तूस तीन इंच पसरा. पुढे दर आठवड्याला मूठभर तूस दाबून बघा. लाडू वळला तर ते ओलं झालं आहे, भुरभुरीत सुटलं तर चांगलं.

थंडी अडवताना गोणपाटाने खुराडं चारही बाजूंनी बंद करण्याची चूक सर्रास होते. कोंबडीच्या अंगावर पिसांची रजई असते, कोरड्या थंडीने तिचं फारसं बिघडत नाही. तिला बाधतो तो अंगावर येणारा वारा आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया. वाऱ्याच्या बाजूला दांडीच्या उंचीपर्यंत गोणपाट लावा, छपराखालची वीतभर फट उघडीच ठेवा आणि सकाळी ऊन आलं की गोणपाट वर गुंडाळा. पहाटे दार उघडून खाली वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसलेलं असतं.

या दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणं, आणि त्याला वेळेचं बंधन आहे. १० फेब्रुवारीला बसवलेल्या अंड्यांतून २१ दिवसांनी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं निघतात आणि एप्रिलची काहिली सुरू होईपर्यंत ती महिन्याची होऊन अंगावर पिसं धरतात. विदर्भ-मराठवाड्यात हे आणखी आठवडाभर आधी करा. मार्च उलटल्यावर घरातच इतका उकाडा असतो की ठेवणीतल्या अंड्यात जीव अर्धवट धरतो आणि मरतो. मग खाली डझन अंडी आणि पिल्लं चार, असं होतं. कोंबडी खुडूक झाली की पिसं फुलवून बसते, खुडुक-खुडुक करते, हात घातला की टोचते. लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन रात्री साध्या दोन-तीन अंड्यांवर बसू द्या. टिकली तर तिसऱ्या रात्री अंधारात अंडी बदला. ती आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली हवीत. धुतलं की कवचावरचा संरक्षक थर जातो. गावठी कोंबडीखाली नऊ ते बारा. कडेचं एखादं जरी उघडं राहत असेल तर तेवढं कमी करा, कारण ती अंडी फिरवत राहते आणि रोज वेगळं अंडं गारठतं. नर आठ-दहा माद्यांमागे एक पुरे. जास्तीचे कोंबडे शिमग्याच्या आधी विकून टाका, कोकणात तेव्हा गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

पाटीत तळाला थोडी माती, वर भाताचा पेंढा, त्यात निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला. कोंबडीला दिवसातून एकदा उठवून पंधरा-वीस मिनिटं दाणा-पाणी द्या आणि तिने बाहेर विष्ठा टाकली याची खात्री करा. आत टाकली तर घाण लागून अंडी सडतात. सातव्या रात्री पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून मागून मोबाइलचा उजेड द्या आणि अंडं त्यावर धरा. लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसलं तर अंडं धरलं आहे. आरपार पिवळं दिसलं तर काढून टाका.

बाहेरून दिवसाची पिल्लं आणणार असाल तर ऊब तुम्हाला द्यावी लागेल. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. वीस-पंचवीस पिल्लांना ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब चालतो; एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी, कडेला पळाली तर उष्णता, सगळीकडे विखुरलेली दिसली तर बरोबर.

पिल्लं निघायच्या आधीच लसीची सोय करा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा परसात शिरली की आठवड्यात खुराडं रिकामं करते आणि तिच्यावर औषध नाही. सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्यात तीच पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत. आठ ते दहा आठवड्यांत आरटूबी, ही मानमोडीचीच टोचायची लस, अर्धा मिली कातडीखाली. अंड्यावर असलेल्या मोठ्या कोंबड्यांना आरटूबी टोचली तर अंडी घटतात, त्यांना लासोटाच. पाण्यातून लस देण्याऐवजी इतक्या छोट्या कळपात थेंबच बरा. पाण्यात कोण किती प्यालं कळत नाही. बाटली बहुधा शंभर मात्रांची मिळते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवा, पहाटे कोंबड्या सोडण्याआधीचा. दवाखान्यापासून घरापर्यंत बाटली बर्फासह थर्मासमध्ये आणा. खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. जंतांचं औषध लसीच्या आठवडाभर आधी होऊ द्या, आणि आजारी दिसणाऱ्या कोंबडीला लस देऊ नका.

हेच दिवस बर्ड फ्लूचेही असतात. नवापूरला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आला, परभणीच्या मुरुंब्याला जानेवारी २०२१ मध्ये. पाणथळीवरचे पक्षी आणि आठवडी बाजारातून आलेल्या कोंबड्या यांच्यापासून कळप वेगळा ठेवा. नवीन कोंबडा आणला की तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या भांड्यांत, आणि दाणा-पाणी आधी आपल्या कोंबड्यांना, मग त्याला. एकाच दिवशी तीन-चार कोंबड्या गेल्या, तुरे निळे-काळे पडले, डोकी सुजली, किंवा आसपास कावळे मरून पडले, तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात टाकू नका, उरलेल्या कोंबड्या घाईने विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

खाद्याचं थोडक्यात. बांधून ठेवलेल्या मोठ्या कोंबडीला दिवसाला ११०-१२० ग्रॅम, मोकळं चरणारीला ५०-६० ग्रॅम वरून. घरी मिश्रण करायचं तर दहा किलोला मक्याचा भरडा पाच किलो, सोयाबीन पेंड दोन, कोंडा दोन, सुकटीचा चुरा पाऊण आणि खनिज मिश्रण पाव किलो. सुकट खारी असते, म्हणून वेगळं मीठ नको. मीठ जास्त झालं की विष्ठा पाण्यासारखी होते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता उचलते, तोच खाद्यात मिसळला तर तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांच्या, मूत्रपिंडांना बाधतो. नवी ज्वारी, मका घरात येईल तेव्हा दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. काळी-हिरवी बुरशी दिसलेला मका धुऊन, वाळवूनही देऊ नका, तिचं विष दाण्यातच राहतं. मळणीनंतर कोंबड्या रानात सोडताना शेजाऱ्याने उंदरांचं औषध किंवा विषारी औषधाचा रंग लावलेलं बियाणं कुठे टाकलं आहे का, हे विचारून घ्या.

रान मोकळं झालं की मुंगूस आणि बोका घराकडे वळतात. षट्कोनी जाळी कोंबडीला अडवते, मुंगसाला नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि फूटभर जमिनीत गाडा.

आता पत्रा. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात तापलेल्या पत्र्याखाली कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागतात, अंड्याचं कवच पातळ होतं. पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात आत्ताच द्या आणि वर नारळाच्या झावळ्या किंवा उसाच्या पाचटाचा वीतभर थर दोरीने बांधा, नाहीतर वावटळीत उडतो. थंडीत वीस कोंबड्यांना चार-पाच लिटर पाणी दिवसभर पुरतं, उन्हाळ्यात त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. तेव्हा मातीची पसरट भांडी दोनची चार करा. ती आज जिथे सावली आहे तिथे नको, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता जिथे सावली राहील तिथे ठेवा, आणि तिथूनच पाणी प्यायची सवय कोंबड्यांना फेब्रुवारीतच लावा.