मोटोक्रॉसचे बूट घ्यायला निघताय? आधी नी ब्रेस पिशवीत टाका

नी ब्रेस, म्हणजे गुडघ्यावर बांधायचा बिजागरांचा कडक सांगाडा, पिशवीत टाका. साधे नी गार्ड वापरत असाल तर ते टाका. दुकान दोन गल्ल्या सोडून असलं तरी टाका. पुढचं मग सावकाश वाचा.

मागच्या वेळी मी बुटांचा अभ्यास परीक्षेसारखा केला होता. शेवटी दोन जोड उरले. काट्यावर ठेवले, तर एकाचं एका पायाचं वजन सोळाशे ग्रॅम आणि दुसऱ्याचं दोन किलो. त्या चारशे ग्रॅमवरून तीन आठवडे घरच्यांचं डोकं खाल्लं. मग हलका जोड घेतला. दुकानात जीन्सवर चढवला, चार पावलं चाललो आणि पैसे देऊन मोकळा झालो. शर्यतीच्या सकाळी ब्रेस घातला, त्यावर पँट, त्यावर बूट, आणि वरचं बक्कल काही लागेना. पट्टी शेवटच्या दातापर्यंत सोडली तरी दोन बोटं कमीच. पंधरा मिनिटांत गेटवर पोचायचं होतं, म्हणून ब्रेस काढून व्हॅनमध्ये टाकला. दुसऱ्याच लॅपला टेबलटॉपवर (सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावर) उडी तोकडी पडली आणि गुडघा सरळ हँडलवर. घोटा, नडगी, चवडा, कुठे साधं खरचटलंही नाही. बूट उत्तमच होते हो! गुडघ्याचं आतल्या बाजूचं लिगामेंट मात्र दुखावलं आणि पुढचे अडीच महिने मी सोफ्यावर.

आता वजनाबद्दल. बूट हलका हवा हे खरं, पण पायाला वजन कधी जाणवतं ते बघा. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, उभे असता तेव्हा ते गाडीच्या अंगावर असतं. जाणवतं ते वळणावर, आतला पाय उचलून पुढच्या चाकाच्या दिशेने काढताना. तो पाय जांघेतून उचलावा लागतो आणि एका लॅपमध्ये असं आठ-दहा वेळा होतं. पंधराव्या मिनिटाला जांघ भरून आली की पाय उशिरा निघतो, खाली घासतो, चरात अडकतो. हलक्या बुटाची बाजू एवढीच, आणि ती लहान नाही. पण दुकानात मोजता ते कोरड्या बुटाचं वजन. आपल्याकडे जूनपासून पुढे ट्रॅकवर गेलात की तळाला लाल चिखलाची भाकरी थापली जाते आणि आतलं मऊ अस्तर पाणी पितं. तेव्हा ते चारशे ग्रॅम कुठल्या कुठे जातात. पावसाळ्यात चालवणार असाल तर बूट पाणी किती धरतो आणि किती दिवसांत वाळतो हे आधी विचारा.

वजन कमी केलं म्हणजे कुठून तरी काहीतरी काढलंय. चामड्याऐवजी मायक्रोफायबर वापरून कमी केलं असेल तर आनंद आहे. तळव्यातली ताठ पट्टी पातळ केली असेल तर नको. उडीवरून उतरताना सगळा भार फूटपेगच्या जेमतेम दोन इंचांवर येतो आणि ती पट्टी नसेल तर तो तळव्याच्या कमानीत घुसतो. घोट्याचा बिजागर वगळून वजन उतरवलं असेल तर अजिबात नको. दुकानात एका हाताने तळ धरा, दुसऱ्याने वरचा काठ, आणि ओला टॉवेल पिळतो तसा बूट पिळा. सहज पिळला गेला तर तुमचा घोटाही तसाच पिळला जाणार. मग पुढे वाकवा. थोडा वाकून कुठेतरी ठाम अडला पाहिजे. अडला नाही तर उडी तोकडी पडते त्या दिवशी घोटा किती वाकेल याला धरबंद नाही. अल्पाइनस्टार्स टेक १० मध्ये आत वेगळा मोजा-बूट असतो आणि घोट्याचा आधार त्यातच असतो. सिडी क्रॉसफायर, गार्ने एसजी-१२ असल्या बुटांत असा मोजा-बूट नसतो, तिथे बाहेरचा बिजागर काम करतो. दोन्ही पद्धती चालतात. पायाला कुठली रुचते ते घालून कळतं. आणि घालून म्हणजे ब्रेससकट घालून.

आतल्या लेबलवर ईएन १३६३४ (मोटरसायकल बुटांचं युरोपियन मानक) आणि मोटरसायकलवाल्याच्या चित्राखाली चार आकडे असतात: उंची, घासण्याला तग, कापण्याला तग आणि आडव्या दाबाला ताठपणा. प्रत्येक ठिकाणी १ किंवा २. २ चांगला. शेवटचा आकडा आधी बघा. चाक पायावरून जातं तेव्हा तोच कामी येतो. पुढे आयपीए असेल तर घोट्याला आघातसंरक्षण, आयपीएस असेल तर नडगीला (पोलिसांशी संबंध नाही). लेबलच नसेल तर बूट कितीही देखणा असो, परत ठेवा.

तळ. ट्रॅकवरच चालवणार असाल तर सपाट, कारण खोल खाचांचा तळ पेगवर आणि चरात अडकतो. सह्याद्रीत गाडी ढकलत चढायचं असेल तर खाचांचा. दोन्हीला एकच जोड हवा असेल तर कुठेतरी कुरकुर होणारच.

माप संध्याकाळी घ्या, जाड लांब मोजे घालून, सेंटिमीटरमध्ये. ऑनलाइन मागवणार असाल तर पोटरीचा घेरही मोजा. कुठे मोजायचा? ब्रेसच्या खालच्या पट्टीवरून, ब्रेस घालून, पँट चढवून. नुसत्या पोटरीचा घेर मोजलात तर तुम्ही म्हणजे मागच्या वर्षीचा मी.

दुकानात नुसतं उभं राहू नका. ब्रेस, मोजे, पँट, बूट असं सगळं घालून स्टुलावर बसा आणि गाडीवर वाकवता तेवढा गुडघा वाकवा. बुटाचा वरचा काठ ब्रेसला वर ढकलतोय का? ढकलत असेल तर तिसऱ्या लॅपला ब्रेस मांडीवर सरकलेला असेल. वरचं बक्कल मधल्या दाताच्या आसपास लागायला हवं. शेवटच्या दातावर कसंबसं लागतंय म्हणजे लागत नाही. दुकानदार सांगेल, ‘वापरून सैल होतील.’ घोट्यापाशी होतील. नडगीवरचं प्लास्टिक सैल होत नाही. नडगीभर लांब कवच असलेले स्वस्त नी गार्ड असतील तर हा त्रास आणखी, कारण नडगीची ढाल बुटात आधीच आहे. तिथे गार्ड बदला, बूट मोठा घेऊ नका. मोठ्या बुटात चवडा आत खेळतो.

जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस (स्टेडियमातलं मोटोक्रॉस) लीगची पहिली फेरी झाली. मी स्टँडमधून उड्या बघत बसलो, बाकी सगळ्यांसारखा. बघायला हवं होतं रायडरांच्या गुडघ्याखाली.

सेकंडहँड असेल तर बिजागर डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखडला तर नको. बक्कल सुटी मिळतात का ते विचारा, एक तरी तुटतंच.

आणलेत? घरात रोज अर्धा तास घालून फिरा, खालच्यांना आधी सांगून. चवडा जाड झाल्यामुळे गिअर लिव्हर एक-दोन दाते वर घ्या, ब्रेक पेडलही बघा. पहिला दिवस सरावाचा, शर्यतीचा नाही. धुवा, सावलीत वाळवा, आत वर्तमानपत्र कोंबा. जादा बक्कल, जादा पट्टी, स्क्रूड्रायव्हर पेटीत. ब्रेस पेटीत नाही, बुटांच्याच पिशवीत.