चित्रावरून कथा लिहिताय? या चुका टाळा

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यावर कथा लिहायला बसले तेव्हा पहिल्या खर्ड्यात चेहऱ्यावरचा उजेड, साडीच्या चुण्या, मागची सावली यांतच दोन पानं संपली. मैत्रिणीनं वाचलं आणि म्हणाली, "मग चित्रच पाठवायचंस की. वाचायला कशाला लावलंस?"

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दिसतंय तेच लिहीत बसतो आणि गोष्ट जागची हलत नाही. असं अडलात तर चित्रातली एक कृती धरा आणि 'का' विचारा. ही मुलगी दिव्याला हाताचा आडोसा का करतेय? वारा असेल. म्हणजे दार उघडं आहे. दिवेलागणीला दार उघडं टाकून कोण गेलं? आता तिची बोटं बघा, ज्योतीच्या उजेडानं लालसर झालीत. हात इतका जवळ म्हणजे चटका बसत असणार, तरी काढत नाही. माझी कथा तिथे सुरू झाली आणि साडीचा उल्लेख शेवटपर्यंत आला नाही.

चित्राचं नाव आधी वाचू नका. याचं प्रचलित नाव 'ग्लो ऑफ होप'. ते डोक्यात शिरलं की शेवटी आशेचा किरण ठरलेलाच!

माहिती कधी शोधायची, यातही गडबड होते. चित्रासाठी हळदणकरांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती, हे मला फार लवकर कळलं. मग कितीतरी दिवस ती 'चित्रकाराची लेक' सोडून दुसरी कुणी होईना. म्हणून आधी लिहा, मग शोधा. मात्र कथेत चित्रकारच पात्र असेल तर उलट करा. हे चित्र अनेकजण रविवर्म्याच्या नावावर खपवतात. तो 1906 मध्येच गेला आणि चित्र आहे 1940 च्या दशकातलं. शिवाय ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. कथेत तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास आला की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. जलरंगात उजेडासाठी बहुधा कागदच कोरा राखावा लागतो, एकदा रंग ओघळला की तो उजेड सहसा परत मिळत नाही. प्रसंगातला ताण इथेच आहे, आयता.

चित्रात माणसं जास्त असली की प्रत्येकाला चरित्र देण्याचा मोह होतो. अमृता शेरगिलच्या 1935 सालच्या 'तीन मुली' घ्या. तिघी शेजारी बसल्यात, पण कुणीच एकमेकींकडे बघत नाही. एकीलाच निवडा, बाकी दोघी तिला जशा दिसतात तेवढ्याच येऊ द्या.

आणि मोबाइलवर बघून लिहू नका. हळदणकरांच्या त्या मुलीची लाल बोटं मला मोबाइलवर कधी दिसलीच नव्हती. दिसली ती एका ओळखीच्यांच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या छापील प्रतीत, चहा गार होईपर्यंत तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा.