कस्टम बेस गिटार बनवून घ्यायचाय? लाकडाचं शेवटी बघा

छोट्या वर्कशॉपकडून बेस बनवून घ्यायचा म्हटलं की पहिला मेसेज जातो तो लाकडाचा, बर्ल टॉप (गाठींच्या नक्षीचं वरचं लाकूड) मिळेल का, क्विल्टेड मेपल (लहरींच्या नक्षीचं मेपल) मिळेल का. ते ठरवाच, पण सगळ्यात शेवटी. आपण पैसे मोजतो ते हातकामाचे आणि ते काम आपल्या हाताच्या मापाने व्हायला हवं.

सुरुवात स्केलपासून करा, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाच्या लांबीपासून. लिओ फेंडरने 1951 च्या प्रिसिजन या बेसला 34 इंच ठेवलं आणि आजही बहुतेक बेस तेवढेच असतात. पण पाच तारांचा घेणार असाल तर लो बी, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची जाड तार, असते जवळपास 31 हर्ट्झची, आणि तार सैल पडली की तिचा आवाज नुसता घुमतो, सूर कळत नाही. म्हणून 35 इंच घेतात, त्याच तारेला ताण साधारण 6 टक्के वाढतो. ब्रुकलिनमध्ये 1983 ला सुरू झालेल्या फोडेरा या वर्कशॉपने बेसवादक अँथनी जॅक्सनसाठी सहा तारांचा काँट्राबेस गिटार केला तो तर 36 इंचांचा. मात्र 34 वरून 35 वर गेलात की नटपासून (तारा जिच्यावर टेकतात ती वरच्या टोकाची पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंतचं (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर 5 मिलीमीटरने वाढतं, ऐकायला किरकोळ वाटतं पण लांबलेल्या गिगमध्ये मनगटाला बरोबर कळतं. त्यामुळे कोणाचा तरी 35 इंची बेस मागून तासभर वाजवा आणि मगच हो म्हणा.

मग स्ट्रिंग स्पेसिंग, म्हणजे दोन तारांमधलं अंतर. तुमच्या आवडत्या बेसच्या ब्रिजवर (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथे) पट्टी धरा, एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजा. स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवणं) जास्त असेल तर 19 मिमी मोकळं वाटतं, बोटांनी वाजवणाऱ्यांना आणि कॉर्ड्स घेणाऱ्यांना 17 च्या आसपास बरं पडतं. व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर नेकची (दांडीची) जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी मोजून तेही आकडे पाठवा, कारण "नेक जरा पातळ हवा" असं लिहिलं की प्रत्येक कारागीर त्याचा आपापला अर्थ लावतो!

नेक-थ्रू, म्हणजे नेकचं लाकूड बॉडीतून आरपार गेलेला बेस, दिसायला देखणा असतो, पण बेस मुंबई-कोकणच्या हवेत राहणार असेल तर मी बोल्ट-ऑनच (नेक बॉडीला स्क्रूने जोडलेला) सांगेन. पुढे नेकचा अँगल बिघडला तर स्क्रू काढून पातळ शिम (पाचर) घालता येते, नेक-थ्रूमध्ये ती सोयच नाही. नेकमध्ये कार्बन फायबरचे रॉड टाकायला सांगा, आणि ट्रस रॉडचा (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) फिरवायचा नट नेक न काढता फिरवता येईल अशा जागी हवा. वजनाचा आकडा किलोत लिहून घ्या, बॉडीचं वरचं शिंग (पट्टा अडकवतात ते टोक) बाराव्या फ्रेटपर्यंत येतं का तेही विचारा, आखूड असलं तर पट्ट्यावर नेक खाली झुकते आणि सगळा भार डाव्या हातावर येतो.

बेसमध्ये प्रीअँप (बॅटरीवर चालणारं आवाजाचं सर्किट) असेल तर पॅसिव्ह स्विच, म्हणजे बॅटरीशिवाय वाजवायची सोय, मागाच. नाहीतर स्टेजवर 9 व्होल्टची बॅटरी संपली की बेस मुका.

आता लाकूड, कारण बेस परदेशातून येणार असेल तर इथे कस्टम्सचा, म्हणजे सीमाशुल्क खात्याचा, प्रश्न येतो. 2017 मध्ये सगळ्या रोजवुडवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोजवुडला ती सूट नाही, ते 1992 पासून सगळ्यात कडक यादीत आहे. फिंगरबोर्डला (नेकवरची, बोटं टेकतात ती फळी) ते कितीही आग्रहाने देऊ केलं तरी नको म्हणा, एबनी घ्या, मेपल घ्या, वेंगे घ्या. ड्युटी आणि इन्शुरन्स बजेटमध्ये आधीच धरा.

बेस घरी आला की केस लगेच उघडू नका, काही तास खोलीत तशीच राहू द्या. मग ट्यून करून पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, म्हणजे 0.3 मिमीच्या आसपास, की रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक, ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट करा, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, परत ट्यून करा, एक दिवस थांबा आणि मग पुन्हा मोजा. पाऊस सुरू झाला की परत एकदा तपासा, आणि तारांचा गेज (जाडी) बदललात तरीही.