रिकाम्या विमानात बसायचं असन तर हे वाचा

चांदूर बाजारला माझं ऑनलाइन कामाचं छोटं दुकान आहे, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, रेल्वेचं रिझर्व्हेशन अन् आता विमानाची तिकिटं पण. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचं बेलोरा विमानतळ सुरू झालं तेव्हापासून आपल्या भागातले लोक विमानाचं जरा जास्तच विचारून राहिले, नाहीतर आधी अंबा एक्सप्रेसचं वेटिंग क्लिअर झालं का एवढाच प्रश्न असायचा. त्यात एक प्रश्न नेहमीचा, की भाऊ गर्दी नको, तीन सीटच्या मधात चेंगरून नाही जायचं, आईचे गुडघे दुखते, रिकामं विमान पाहून दे ना. तर ते पाहता येते. दरवेळी जमनच असं नाही पण बऱ्याच वेळा जमते, अन् त्याचं सूत्र एकच आहे, लोक जिकडे जाऊन राहिले त्याच्या उलट्या दिशेनं जायचं.

आता आपल्या विदर्भात लोक कुठून कुठे जाते ते पाहा. अर्धी पोरं पुण्याला नोकरीवर. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून नागपूरला येणारं विमान फुल्ल, अन् रविवारी संध्याकाळी नाहीतर सोमवारी पहाटे नागपूरहून जाणारं फुल्ल. मग शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून पुण्याला कोण जाते? कोणीच नाही फारसं. ते विमान तिकडून लोक आणायलाच जाऊन राहिलं असते, त्यात तुम्ही बसायचं. मंगळवार, बुधवार अन् शनिवार दुपार हे पण बरे दिवस आहेत, पण दिशेचा हिशोब दिवसापेक्षा पक्का.

दिवाळीत तर हे अजूनच उघड दिसते. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे चार दिवस पुणे-नागपूरचं भाडं पाहिलं तर डोळे पांढरे होते, ट्रॅव्हल्सवाले सुद्धा मनाला येईन ते मागते, अन् त्याच दिवशी नागपूर-पुणे मात्र अर्ध्याहून कमी पैशात दिसते. म्हणून मी लोकांना सांगतो, पोराला इकडे बोलावण्यापेक्षा एखाद्या वर्षी तुम्हीच दोघं पोराकडे दिवाळीला जा, अन् भाऊबीज झाल्यावर सगळे परत जायला लागले की तुम्ही तिकडून इकडे या. दोन्ही वेळी उलटी दिशा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचं विमान तर बहुतेक खालीच असते, कारण त्या वेळी जो तो घरी पूजेला बसला असते. अर्थात आईला ते पटलं पाहिजे, घरची लक्ष्मी सोडून विमानात कोण बसते म्हणून आमच्याकडे एकदा मोठा तमाशा झाला होता, ते जाऊ द्या.

नागपूरचे दोन अपवाद लक्षात ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते तेव्हा मुंबई-नागपूरचा सगळा हिशोब बदलते, आमदार, अधिकारी, पत्रकार सोमवारी सकाळी येते अन् शुक्रवारी संध्याकाळी परत पळते, म्हणजे एरवी शुक्रवारी नागपूरहून निघणारं विमान रिकामं तर तेव्हा मुंबईचं ठासून भरलेलं. अन् दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येते, तेव्हा आधी येणारी अन् नंतर जाणारी विमानं रिकामी भेटायची आशा सोडा.

लोक विचारते की प्रवासी नाहीत तर कंपनी विमान उडवतेच काहून? कारण तेच विमान पुढे दुसरीकडे भरून जायचं असते. सकाळी पाच-दहा लोक घेऊन इथे आलं नाही तर इथले दीडशे लोक कोण नेईन, आणि रात्री ते कुठे मुक्कामी राहायचं हे पण ठरलेलं असते. बेलोरा किंवा गोंदियाच्या बिरशीसारख्या ठिकाणी उडान योजनेचा पण भाग असते, त्यात विमानातल्या साधारण अर्ध्या सीटांना भाड्याची वरची मर्यादा असते अन् कंपनीला पडणारा खड्डा सरकार काही वर्षं भरून देते, तेव्हा थोडे लोक असले तरी विमान चालू राहते. मोठ्या जगातली गोष्ट आणखी वेगळी. युरोपात विमानतळावरची उतरायची-उडायची वेळ म्हणजे स्लॉट वापरला नाही तर तो हातचा जाते, म्हणून २०२१-२२ च्या हिवाळ्यात लुफ्तान्सानं सांगितलं होतं की आम्हाला गरज नसतानाच्या १८,००० फ्लाइट कराव्या लागतीन. अन् मे २०२१ मध्ये, कोरोनाचे निर्बंध होते तेव्हा, मुंबईहून दुबईला ३६० सीटच्या बोइंग ७७७ मधून एक माणूस एकटाच गेला, १८,००० रुपयाच्या तिकिटात. तसं नशीब आपल्याला लागत नाही, पण शेजारची सीट खाली भेटली तरी पुष्कळ झालं.

आता बुकिंगचं. सीट मॅप, म्हणजे बुकिंग करताना दिसणारा सीटांचा नकाशा, उघडून पाहायचा अन् सगळ्या सीटा मोकळ्या दिसल्या की विमान रिकामं समजायचं, असं बरेच लोक करते अन् फसते. मॅपवर ज्यांनी सीट निवडली तेच दिसते, ज्यांनी तिकीट काढलं पण सीटचे पैसे नाही दिले ते दिसतच नाहीत, अन् उलट काही सीटा कंपनी स्वतः अडवून ठेवते. खरा अंदाज येते तो वेब चेक-इन, म्हणजे ऑनलाइन बोर्डिंग पास काढणं, सुरू झाल्यावर, तेव्हा फुकटातल्या सीटा वाटल्या जाते आणि मॅप खऱ्याच्या जवळ येते. आदल्या दिवशी रात्री पाहा. तोपर्यंत सीटसाठी वेगळे पैसे भरू नका, रिकाम्या विमानात खिडकी तशीही भेटते.

अन् रिकामं म्हणजे स्वस्त हे डोक्यातून काढा. कमी भाड्याच्या सीटा आधी विकल्या जाते हे खरं, पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत जो धावतपळत तिकीट काढते त्याला गरज आहे हे कंपनीला माहीत असते, म्हणून विमान खाली असूनही भाडं चढलेलं दिसते. माझ्याकडे एक काकाजी आले होते, मुंबईला टाटा हॉस्पिटलची तारीख होती, ते स्क्रीनकडे पाहून म्हणे, "सारं इमान रिकामं हाये, मंग पैसे एवढे काहून घेऊन राह्यले?" मी म्हटलं काकाजी, त्यांनी आपली घाई ओळखली. तीन-चार आठवडे आधी काढा, अन् उलट्या दिशेचं काढा, मग दोन्ही साधते.

रिकाम्या विमानाचा खरा धोका म्हणजे ते कॅन्सल होते. कारण "ऑपरेशनल" सांगते, पण सकाळच्या अन् संध्याकाळच्या दोन्ही फ्लाइटमध्ये थोडे थोडे लोक असले की एका विमानात बसवून देणं कंपनीला परवडते हे कोणालाही समजते. एका कंपनीनं आमच्या घरच्यांना असंच आदल्या रात्री दुसऱ्या वेळेवर टाकलं होतं. म्हणून नियम माहीत पाहिजे. फ्लाइट कॅन्सल झाली तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय पाहिजे ते तुम्ही ठरवायचं. अन् २४ तास आधीपर्यंत कळवलंच नसन तर डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमात भरपाई पण आहे, एका तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,००० रुपये, एक ते दोन तासाच्या फ्लाइटला ७,५००, दोन तासावर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधनाचा चार्ज, यातलं जे कमी असन ते. पाऊस, वादळ, संप असल्या गोष्टीत भरपाई नाही. अन् हे नीट ऐका, बुकिंगमध्ये तुमचा संपर्क बरोबर नसन तर भरपाईवर हक्क सांगता येत नाही. आमच्यासारखे दुकानदार घाईत स्वतःचाच नंबर टाकून देते, मग मेसेज येते दुकानदाराला अन् तुम्ही बसता विमानतळावर. तिकीट निघाल्याबरोबर मोबाईल नंबर अन् ईमेल कोणाचा टाकला ते विचारा. कंपनी ऐकत नसन तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. आणि हॉस्पिटलची तारीख, परीक्षा, साखरपुडा असं काही असन तर एक दिवस आधीचं तिकीट काढा, रिकाम्या फ्लाइटवर इतका भरवसा ठेवू नका.

विमानात गेल्यावर पहिली गोष्ट, जिकडे जागा दिसली तिकडे बसू नका. बोर्डिंग पासवर जी सीट आहे तिथे बसा, दार लागू द्या, मग एअर होस्टेसला विचारा. बेलोऱ्याला येते ते एटीआर ७२ म्हणजे सत्तरेक सीटचं पंख्याचं विमान, त्यात मागून चढायचं असते अन् सामानाचा मोठा भाग पुढे असते. लोक थोडे असले की कोण कुठे बसलं यानं विमानाचा तोल बदलते, बैलगाडीत सगळे मागे बसले की गाडी कशी उलाळ होते तसंच. पायलटकडे त्या हिशोबाचा कागद असते. म्हणून कधी कधी एअर होस्टेस स्वतः येऊन म्हणते की तुम्ही चौघं मधल्या रांगांत या, तेव्हा वाद घालू नका, निदान टेकऑफ होईपर्यंत तरी सांगितलं तिथंच बसायचं. वर गेल्यावर बेल्टची लाइट बंद झाली की पुन्हा विचारलं तर बहुतेक हो म्हणते. पुढच्या जास्त पायपसऱ्याच्या सीटा अन् इमर्जन्सी दाराजवळच्या मात्र नाही देत, त्याचे वेगळे पैसे असते.

बेलोऱ्याहून मुंबईला दुपारी जात असान तर उजव्या हाताची खिडकी मागा, ती उत्तरेची बाजू, हिवाळ्यात ऊन येत नाही, अन् हवा स्वच्छ असली तर पूर्णेचं खोरं अन् पलीकडे सातपुड्याची रांग दिसते. मोठ्या विमानात तीन सीटची रांग खाली असली तर मधले हात वर उचलून आडवं होता येते, फक्त कमरेला बेल्ट असा लावा की चादरीच्या वरून दिसन, नाहीतर उठवते. टेकऑफ अन् लँडिंगला बसूनच.

चादर म्हटलं कारण थंडी वाजते. दीडशे लोकांच्या अंगाची गरमी नसते, एसीची हवा मात्र तीच, अन् बाहेर ४५ डिग्रीतून आलेला माणूस पातळ कपड्यात असते. शाल नाहीतर जाडसर दुपट्टा हातातल्या बॅगेत ठेवा, डोक्यावरचं एसीचं बटण फिरवून बंद होते. पावसाळ्यात दमट हवेमुळे वरच्या फटीतून पांढरी वाफ निघते, त्याला धूर समजून आमच्याकडचे एक मामाजी सीटवरून उठूनच उभे राहिले होते, पण ते नुसतं धुकं असते, पाच-दहा मिनिटांत जाते. हलकं विमान हवेच्या खड्ड्यात जरा जास्त उडते, अन् एटीआर खालून जाते म्हणून एप्रिल-मे मधल्या तापलेल्या दुपारी तर हालतेच हालते. मळमळणारं माणूस सोबत असन तर उन्हाळ्यात सकाळची फ्लाइट पाहा, नसन तर पंखाजवळची सीट घ्या, तिथे कमी हलते.

सुरक्षेचं सांगणं दोन प्रवासी असले तरी पूर्ण होते, अन् स्टाफ पण कमी होत नाही, ५० सीटमागे एक असा हिशोब असते, म्हणजे १८० सीटच्या विमानात पाच लोक बसले तरी चारजणी. त्यांना वेळ असते म्हणून गरम पाणी, चहा लवकर येते, म्हाताऱ्या माणसाला बाथरूमपर्यंत हात धरून नेते. पण वेळ आहे म्हणून त्यांचे व्हिडिओ काढू नका, रिकाम्या सीटांचे काढा पाहिजे तेवढे. पुण्याला उतरताना मोबाईल खिशातच ठेवा, ते विमानतळ वायुसेनेचं आहे, फोटोवरून पकडते.

शेवटचं गाडीचं. प्रवासी कमी म्हणजे बाहेर ऑटो-टॅक्सी पण कमीच उभ्या राहते, अन् बेलोरा बडनेऱ्याच्या पलीकडे यवतमाळ रोडला आहे, पायी निघायचं अंतर नाही. सामान लवकर हाती येते, पण मग फाटकाशी उभं राहून कोणाला फोन लावायचा? ओळखीच्या गाडीवाल्याला फ्लाइटची वेळ आदल्या दिवशीच सांगून ठेवा, परतवाडा-अचलपूरकडे जायचं असन तर भाडं जाण्या-येण्याचं ठरवा, अन् विमान लेट झालं तर थांबायचे किती घेशीन तेही तेव्हाच बोलून घ्या.