जुना मिलिटरी ट्रक घरी रंगवताय? या चुका टाळा

लिलावात घेतलेला शक्तिमान किंवा निसानचा वन-टन ट्रक दारात उभा राहिला की सगळ्यात आधी रंगाचं वेड डोक्यात शिरतं. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांना महिने लागणार हे दिसतच असतं. रंग मात्र एका रविवारचं काम वाटतं. कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो, स्प्रे गन पुण्याच्या बोहरी आळीत मिळते, यूट्यूबवर बघून हात फिरवायला कितीसा वेळ लागतो? मग रंग उकलतो, ओघळतो, पांढरट पडतो आणि सगळं खापर गनवर फुटतं. गन बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. घोळ असतो तो रंगाच्या खालच्या थरात, हवेत किंवा थिनरच्या डब्यात.

रंग निवडतानाच होणारी चूक

मिलिटरी ट्रक म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, हे आपण गृहीत धरून चालतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणतंही वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. गाडी तुमच्या नावावर झाली की ती नागरी गाडी. आरसीवर रंगाचीही नोंद असते, त्यामुळे रंग बदलायचा तर ते आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत विचारून घ्या, मग डबा विकत घ्या. वाळूचा रंग, गडद राखाडी, मातकट तपकिरी हे सगळे या ट्रकच्या अंगावर छान दिसतात. ‘जवळजवळ ऑलिव्ह’ अशी पळवाट काढण्यात अर्थ नाही. चौकातला हवालदार शेडकार्ड घेऊन उभा नसतो, त्याला हिरवा ट्रक तेवढा दिसतो. जुना बाण असलेला लष्करी नंबर आणि युनिटची चिन्हंही घासून काढा. नुसती रंगाखाली झाकू नका, वर्षभरात उन्हात ती पुन्हा उमटतात.

खाली काय आहे ते न बघता वर मारणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. लष्करातली गाडी आयुष्यभर ब्रशने रंगवली जाते. इन्स्पेक्शन आलं की एक हात, बदली झाली की आणखी एक. त्यामुळे फाळक्याच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या भोवती रंगाचे इतके थर असतात की बोल्टचे कोपरे गोल झालेले दिसतात. हे सगळे थर पत्र्याला धरून आहेतच असं नाही. ब्लेडने रंगावर बारीक चौकटी कापा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या तर तिथला रंग पत्र्यापर्यंत खरवडायलाच हवा. त्याच्यावर मारलेला कितीही भारी रंग त्या चौकटींबरोबरच निघणार.

दुसरी परीक्षा थिनरची. कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून जुन्या रंगावर मिनिटभर धरा. रंग मऊ पडून सुरकुतला तर खाली बहुधा सिंथेटिक इनॅमल आहे. त्याच्यावर ड्यूको, म्हणजे एनसी रंग, मारला की खालचा थर उकळल्यासारखा वर येतो. गॅरेजवाला ‘ड्यूको लवकर वाळतो’ असं सांगतो ते खरंच आहे, पण तो उघड्या पत्र्यावरच्या कामाचं बोलत असतो. घरच्या कामाला सिंथेटिक इनॅमलवर सिंथेटिक इनॅमल हीच जोडी सोपी आणि बिनधोक.

जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता धरूनच चाला. म्हणून ग्राइंडरला वायर ब्रश लावून कोरडी धूळ उडवण्यापेक्षा वॉटर पेपरने ओलं घासा. गंज मात्र कोरडाच काढावा लागतो. तिथे चांगला मास्क लावा, पोराबाळांना लांब ठेवा, काम झाल्यावर धूळ झाडू नका, पाणी मारून ओल्या फडक्याने गोळा करा. गंज निघाला की ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०, आणि अस्तरावर (प्रायमरवर) ३२०-४००. उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसाच सोडू नका. सकाळी त्यावर पिवळी झाक आलेली असते आणि ती अस्तराखाली तशीच राहते. आणखी एक. रेड ऑक्साइड अस्तर मारून गाडी ‘नंतर बघू’ म्हणत पावसाळाभर उघड्यावर ठेवणारे खूप आहेत. ते अस्तर पाणी शोषतं. वरचा हात लवकर चढवा, नाहीतर अस्तर पुन्हा घासून पुन्हा मारायची तयारी ठेवा.

डिझेलने धुणं

ग्रीस काढायला डिझेल किंवा रॉकेल उत्तमच, पण त्यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात. त्याचा तेलकट पापुद्रा पत्र्यावर राहतो आणि रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. रॉकेलनंतर निरम्याचं गरम पाणी, मग भरपूर साधं पाणी, पूर्ण वाळवणं, आणि शेवटी दोन सुती फडकी: एकाने थिनर लावायचं, तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल इकडचं तिकडे होतं, निघत नाही. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन पॉलिश त्या आठवड्यात गाडीच्या आसपासही आणू नका.

जिथे रंग जाता कामा नये

चेसिस नंबरवर लांबी (पुट्टी) भरून, घासून, गुळगुळीत करून बसलेले महाभाग आहेत. आरटीओतला इन्स्पेक्टर त्या नंबरची पेन्सिलने छाप घेतो. नंबर उमटला नाही तर पुढचा सगळा व्यवहार अडतो. तिथे मास्किंग टेप लावा आणि नंतर ब्रशने अगदी पातळ हात द्या.

दुसरी जागा कोणी सांगत नाही: ॲक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर. बोटाच्या पेराएवढी ती टोपी रंगाने बुजली की आतली गरम हवा बाहेर पडायला जागा शोधते आणि सीलमधून तेल गळायला लागतं. मग लोक सील बदलत बसतात. ग्रीस निपल, ब्रेकचे रबरी होज, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधल्या फटी, कॅबमधल्या माहितीच्या धातूच्या पट्ट्या, हे सगळं झाका. मास्किंगला वर्तमानपत्र चालतं, पण दुहेरी घ्या. एकेरी कागदातून थिनर झिरपून शाई काचेवर उतरते. टेप उन्हात आठवडाभर ठेवू नका, तिचा डिंक काढता काढता नाकी नऊ येतात.

हवेतलं पाणी

पुण्यात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. मिनिटाला ६ घनफूट हवा ओढणारा छोटा कॉम्प्रेसर तासाला दहा घनमीटर हवा गिळतो, म्हणजे पाव लिटरच्या आसपास पाणी. त्यातलं बरंचसं टाकीत आणि पाइपात थेंब होऊन साचतं आणि संधी मिळाली की गनमधून थेट बॉनेटवर येतं. टाकीच्या तळाचा नळ दर अर्ध्या तासाने उघडा. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावला तर उपयोग नाही. तिथे हवा गरम असते, पाणी वाफ होऊन आरपार जातं. पंधरा-वीस फूट पाइपानंतर, हवा निवल्यावर तो लावा.

एप्रिल-मे कोरडे असतात खरे, पण दुपारच्या उन्हात रंग पत्र्यावर पोचायच्या आतच अर्धा वाळतो आणि हात फिरवला की वाळूच्या कागदासारखा खरखरतो. शिवाय वळवाचा भरवसा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन-चार, हा खरा मोसम. डिसेंबरात पत्र्यावर दव असतं. हात लावून पत्रा गार लागला तर थांबा. संध्याकाळी दिवे लावून काम रेटू नका, ओल्या रंगावर किडे येऊन बसतात.

पेट्रोल घालून पातळ करणं

ही आपल्याकडची जुनी खोड. पेट्रोल किंवा रॉकेल घालून रंग पातळ होतो, पण चमक मरते, वाळणं लांबतं, आणि पेट्रोलच्या वाफेचा भडका उडायला एक ठिणगी पुरते. डब्यावर लिहिलेलं थिनरच घाला. पातळपणा अंदाजाने ठरवू नका, तळाला भोक असलेला मोजमापाचा बी-४ कप घ्या. गनसाठी इनॅमलने भरलेला कप २० ते २५ सेकंदांत रिकामा व्हायला हवा. सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत एकत्र करा, कारण एकाच शेडच्या दोन बॅचमध्येही फरक निघतो आणि तो नेमका दरवाजाच्या मधोमध दिसतो. मॅट रंग वापरणार असाल तर सतत ढवळा. त्यातली मॅट करणारी पूड तळाला बसते आणि मग एक फाळका चमकतो, दुसरा नाही. खरं सांगायचं तर पूर्ण मॅट घेऊच नका. त्यावर हाताचे डाग बसतात आणि पॉलिश करता येत नाही. सेमी-ग्लॉस सांभाळायला सोपा.

दोन हातांमधल्या वेळेचं वेगळं गणित आहे. इनॅमलचा दुसरा हात काही तासांच्या आत मारावा, नाहीतर काही दिवस पूर्ण वाळू द्यावा. अधल्यामधल्या वेळेत मारला तर पहिला हात सुरकुततो. नेमका वेळ डब्यावर छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही.

गन खरंच बिघडलीय का?

आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. उभा पट्टा वर-खाली सारखा लांबट यायला हवा. एका बाजूला झुकला किंवा केळ्यासारखा वाकला तर पुढची एअर कॅप अर्धा वेढा फिरवा. पट्टा उलट्या बाजूला वाकला तर कॅपच्या भोकात रंग अडकलाय. तसाच राहिला तर दोष नोझल किंवा सुईत आहे. भोकं साफ करायला तार घालू नका, टूथपिक घ्या. तारेने भोक मोठं झालं की कॅप गेली.

गन थुंकल्यासारखी मारते? कपात बुडबुडे येताहेत का बघा. येत असतील तर नोझल सैल आहे किंवा सुईचं पॅकिंग सुकलंय. बुडबुडे नसतील तर कपाच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं, तेवढंच. साध्या सक्शन गनला तीन ते साडेतीन बार पुरतात. दाब वाढवला की रंग हवेतच जास्त जातो. दाब मोजायचा तो ट्रिगर ओढलेला असताना, गनपाशी. आणि कॉम्प्रेसर लांबलचक बारीक एक्स्टेन्शनवर चालवू नका. व्होल्टेज पडतं, मोटर तापते, दाब धापा टाकतो. वायर आखूड ठेवा, हवेचा पाइप लांब घ्या.

अंतर सहा ते आठ इंच, मनगट न वळवता, आधीच्या पट्ट्यावर निम्मा पुढचा पट्टा. ओघळ आला तर लगेच बोट लावू नका, हातून आणखी बिघडतं. पूर्ण कडक झाल्यावर, म्हणजे आठवडाभराने, ब्लेडने खरवडा, ४०० ने पाणी लावून घासा आणि पूर्ण पॅनेल पुन्हा मारा. मधल्या तुकड्याला ठिगळ लावू नका. माशाचे डोळे दिसले की तिथेच थांबा. जाड हाताने ते बुजत नाहीत. रंग वाळल्यावर तो भाग घासून, पुसून, आधी अगदी पातळ फवारा मारा.

जागा, छाती आणि आग

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम नको. इनॅमलचा बारीक फवारा ओलाच उडत जातो आणि शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर बसतो. वाघोली-उरुळीकडे कोणा नातेवाइकाची मोकळी जागा असेल तर तिथे न्या. जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उठणार नाही. रुमाल किंवा साधा कापडी मास्क थिनरच्या वाफेला अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क हवा. हार्डनर घालायचे पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारूच नका. त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला तोही मास्क पुरत नाही, त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारं उपकरण लागतं.

थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत साचते. कॉम्प्रेसर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब ठेवा. इनॅमलने माखलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. हाताला कोरडा लागला तरी रंग आतून मऊच असतो, म्हणून ताडपत्रीचा हूड आणि फाळक्याच्या साखळ्या आठवडाभर चढवू नका.